टाकी गळत नाही

मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या गळती विभागात काम करतो, आणि माझ्या स्वतःच्या घरातल्या टाकीतलं पाणी जात होतं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे कुणाला हसू दाबून ठेवायला नको.

टाकी म्हणजे गच्चीवरची नव्हे. माशांची. लाकडी. मी स्वतः केलेली. 'लाकडी?' असं विचारताना लोकांच्या भुवया कुठवर जातात हे आता मला पाठ झालंय.

याची सुरुवात आमच्या कार्यालयाच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे सिमेंटचा एक हौद होता आणि त्यात अकरा मासे. गावाला जाणारं पाणी थोडंसं आधी त्यांच्या हौदातून फिरायचं. मासे मजेत असले तर पाणी चांगलं. ते वर येऊन आ वासायला लागले, की प्रयोगशाळेच्या बाई धावत जाऊन पाणी बंद करायला लावायच्या. नऊ वर्षांत असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा मासे बरोबर निघाले. आमच्या अख्ख्या कार्यालयात इतका बिनचूक अहवाल देणारं दुसरं कुणी नाही. तरीही वरून एक यंत्र आलं. त्याच्या ओट्यासाठी हौद महिनाअखेरीला फोडायचा ठरला.

"आणि मासे?" मी साहेबांना विचारलं.

साहेबांनी जाडजूड वही ओढली. "मासे जडवस्तू नोंदवहीत आहेत. हे बघा. खुर्च्या, पंखे, मासे."

"साहेब, जिवंत आहेत ते."

"तसं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय. पण वही जडवस्तूंचीच. तेव्हा निर्लेखन करावं लागेल. पंख्यांचं करतो तसंच."

पंख्यांचं आम्ही काय करतो ते मला माहीत होतं. मागच्या आवारात नेऊन हातोड्यानं मोडतो, कुणी परत वापरू नयेत म्हणून.

"मी नेतो घरी," माझ्या तोंडून निघून गेलं.

हे असं का निघालं, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. रोज चारच्या चहानंतर मी त्या हौदापाशी पाच मिनिटं उभा राहायचो, एवढंच. गळतीच्या तक्रारींवर शिक्के मारणाऱ्या माणसाला आपल्या जागी राहिलेलं पाणी बघून बरं वाटत असावं.

साहेबांनी नियम काढला. मासे कर्मचाऱ्याला देता येतात, पण 'सुयोग्य व गळतीरहित पात्र असल्याचा सक्षम व्यक्तीचा दाखला' हवा. सक्षम व्यक्ती म्हणजे कोण, ते शोधलं तर ती आमच्याच विभागातली निघाली. आणि स्वतःच्या टाकीला स्वतः दाखला देता येत नाही, हेही लगेच खालच्या ओळीत निघालं. राहिले एकच. आमचे कानसेन. जमिनीखालचे नळ फुटले की हे गृहस्थ रस्त्यावर लांब दांडी टेकवतात, वरच्या टोकाला कान लावतात आणि सांगतात, "इथं खणा." तीस वर्षांत त्यांनी चुकीच्या जागी खड्डा पाडलेला नाही. सगळे त्यांना तोंडावरच कानसेन म्हणतात, आणि तेही ओ देतात.

घरी विषय काढला तेव्हा बायको म्हणाली, "अकरा? घरात माणसं तीन आणि मासे अकरा?"

तिसरं माणूस म्हणजे माझी आत्या. तिनं चष्मा पुसत विचारलं, "वास मारतात का रे?"

"नाही."

"आवाज?"

"मासे कसला आवाज करणार, आत्या?"

"मग आण," ती म्हणाली. बायकोपेक्षा तिचं मत घरात जड असल्यामुळे ठराव मंजूर झाला.

आता काचेची तयार टाकी का आणली नाही? आणणारच होतो. पण एवढ्या माशांना पुरेल अशी टाकी आमच्या जिन्याच्या वळणावर अडकते. सुतळीनं मापून पाहिलं. दोन वेळा पाहिलं. मी जिन्यात सुतळी धरून उभा असताना खालचे काका बाहेर आले. काका आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेत आणि आता सल्ले काढतात.

"वर न्यायची कशाला? वरच बांधा," ते म्हणाले. "प्लायवूडची. तीन बाजू आणि तळ लाकडाचा, समोर एक काच."

"लाकडात पाणी राहील?"

"नावा कशाच्या असतात?"

"नावेचं पाणी बाहेर असतं, काका."

"मग उलटी नाव करा," काका म्हणाले आणि दार लावून आत गेले. त्या दिवसापासून जिन्यातल्या सगळ्यांसाठी माझ्या टाकीचं नाव 'उलटी नाव' पडलं.

मी नेमका कुठे चुकलो ते सांगतो. काचेचं माप मी टाकीच्या बाहेरच्या अंगानं घेतलं आणि ती बसवायची खाच आतून आखली. काच आली ती प्लायवूडच्या दोन जाडींइतकी मोठी. काचवाला म्हणाला, "ही कडक केलेली काच आहे, कापली तर चुरा होईल. तुम्ही लाकूड वाढवा." मग काचेला टाकी पुरावी म्हणून टाकी मोठी केली. मोठी केल्यावर ती बाहेरच्या खोलीत कपाट आणि दरवाजा यांच्यामध्ये मावेना. म्हणून ती गेली आत्याच्या खोलीत, खिडकीपाशी. एका चुकीच्या मापापायी आमचं सगळं घर एकेक जागा पुढे सरकलं. कपाट स्वयंपाकघराच्या दारात आलं, आणि मी महिनाभर जेवायला आडवा होऊन जात होतो.

त्यानंतर आतून लेप. लाकडाला पाणी लागू नये म्हणून दोन डब्यांतली राळ एकत्र करून लावायची असते. 'मिश्रण केल्यानंतर वीस मिनिटांत वापरावे' ही सूचना मी वाचली खरी, पण मिश्रण करून सतरा मिनिटं झाल्यावर. तोवर राळेचा मग हाताला चटके देत होता. मी घाईनं ढवळायला गेलो, तर डाव हलेना. बायकोचा स्वयंपाकघरातला एकुलता एक लांब दांड्याचा डाव. तो त्या मगात उभाच्या उभा थिजला, वाकवला तरी वाकेना.

"निघेल ना?" बायकोनं विचारलं.

"राळ उत्तम आहे," मी म्हणालो. खरं होतं ते.

दुसरं मिश्रण वेळेत लावलं. कोपऱ्यांत काचेच्या धाग्यांचं कापड बसवलं, त्यावर पुन्हा लेप. एवढ्या बारकाईनं मी उभ्या जन्मात काम केलं नव्हतं, त्यामुळे डावी बाही चिकटल्याचं बाही सुकल्यावरच लक्षात आलं. आत्यानं कात्री आणली. बाहीचा तुकडा आणि एक बटण अजून त्या कोपऱ्यात लेपाखाली आहे. त्या कोपऱ्यातून आजतागायत थेंब गेलेला नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

गेला तो काचेच्या खालच्या सांध्यातून. पहिल्यांदा पाणी भरलं आणि अर्ध्या तासात फरशीवर ओहोळ. पाणी उपसलं, वाळवलं, सांधा बुजवायचा जुना चिकटा खरवडून नवा भरला. तो सुकताना सिरक्यासारखा आंबट वास सोडतो. चार दिवस आत्या खिडकी उघडून बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, "काही विचारू नका, लोणचं मुरतंय."

दुसऱ्यांदा भरलं. खाली वर्तमानपत्रं अंथरली, एक थेंब पडला तरी दिसावा म्हणून. कागद कोरडे. मी कागदांवर हात फिरवला, गाल टेकवला. कोरडे! माशांच्या दुकानदारानं सांगितलं होतं, मासे सोडण्याआधी आठ दिवस पाण्यात हवा सोडत ठेवा. म्हणून हवेचा छोटा पंप लावला. तो घूंऽऽ करायला लागला.

"हा कोण?" आत्यानं विचारलं.

"पंप."

"मासे आवाज करत नाहीत म्हणालास. हे सांगितलं नाहीस."

पंप खिडकीबाहेर खालच्या गजाला टांगला. नळी पुरेना म्हणून तिला एक तुकडा जोडला. घूं बाहेर गेलं, आत राहिली फक्त पाण्यातली बुडबुड. "दिवसभर काहीतरी शिजतंय आणि वाढत मात्र कुणी नाही," असं आत्या म्हणाली, पण हसली. मी वर बजावलं, "पंप चोवीस तास चालू राहिला पाहिजे हं." काचेवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीनं रेघ मारली आणि ताठ मानेनं कार्यालयात गेलो.

संध्याकाळी पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं. कागद कोरडे.

मी पुन्हा रेघेपर्यंत भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन बोटं. कागद कोरडेच. मी टाकीखाली आडवा पडून विजेरीनं तळ पाहिला, भिंतीला हात लावला, फरशीच्या सांध्यांत भुकटी टाकून पाहिली. सगळं कोरडं ठणठणीत. दोन बोटं म्हणजे बादलीभर पाणी! एवढं पाणी जातं कुठं?

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला गंमत वाटायला लागली. कार्यालयात रोज पाणी कुठे जातंय ते सांगणाऱ्या तक्रारी येतात. पाणी कुठेच जात नाहीये आणि तरी कमी होतंय, अशी तक्रार मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"लाकूड पितंय," बायको म्हणाली.

"पिऊन कुठे ठेवेल? टाकी फुगायला नको?"

"वाफ होतेय," काका म्हणाले. मी टाकीशेजारी पाण्यानं भरलेली परात ठेवली, तिलाही रेघ मारली. टाकी दोन बोटं उतरली, परात जेमतेम केसभर.

"आत्या, टाकीला कुणी हात लावतं का गं दिवसा?"

"मी तर बोटसुद्धा लावलेलं नाही," आत्या म्हणाली. आत्या खोटं बोलत नाही. त्यामुळे तो रस्ताही बंद.

मग काकांनी निळी शाई सुचवली. "रंग टाका. जिथे निळं उमटेल तिथे गळती. नकाशात आम्ही पाणी निळंच दाखवायचो." मी अख्खी दौत ओतली. टाकी निळीशार झाली, आत्याच्या छतावर निळ्या लाटा हलायला लागल्या, फार सुंदर दिसलं. संध्याकाळी दोन बोटं कमी. घरात कुठेही निळा ठिपका नाही.

संशय म्हणून मी काच काढण्यापासून सगळं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा चिकटा, पुन्हा चार दिवस सिरका. पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा दोन बोटं. तोवर ही बातमी कार्यालयात पोचली होती. एका सकाळी माझ्या टेबलावर रीतसर भरलेला तक्रार अर्ज होता. तक्रारदार: गळती विभाग. ठिकाण: गळती विभागाचे घर. मी त्यावर शिक्का मारला. आलेल्या अर्जावर शिक्का मारावाच लागतो.

महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा कानसेन दांडी घेऊन घरी आले. त्यांनी टाकीच्या चारही कोपऱ्यांना दांडी टेकवली, डोळे मिटून कान लावला. आम्ही श्वास धरून उभे.

"टाकी गप्प आहे," ते म्हणाले. "गळणारी वस्तू गप्प राहत नाही."

"मग दाखला देता?"

त्यांनी रेघ आणि पाणी यांच्यामध्ये दोन बोटं धरली. "हे कसं लिहू? उद्या दिवसभर बसू."

मी रजेचा अर्ज दिला. कारण: टाकीवर लक्ष ठेवणे. सकाळपासून आम्ही दोघे आत्याच्या खोलीत खुर्च्या टाकून बसलो. दुपारी एकच्या सुमाराला आत्या दोनतीनदा डोकावून गेली, पलंगाकडे बघितलं, उसासा टाकला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या बसल्या पेंगली. पाच वाजले. पाणी रेघेवर. सुताएवढंसुद्धा हललं नाही.

"माणूस बघून जातं हे पाणी," कानसेन म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर नवल दिसलं. "उद्या त्याला एकटं सोडू. आपण खाली बसू."

दुसऱ्या दिवशी आत्याला सांगितलं, आम्ही कार्यालयात जातोय. आणि जिना उतरून काकांच्या घरात शिरलो. काकांनी आम्हाला आत्याच्या खोलीच्या बरोबर खालच्या खोलीत नेलं. "खिडकीतल्या कुंड्यांपासून लांब राहा," ते म्हणाले. "मधले काही दिवस काय तरारली होती झाडं! म्हटलं माझ्या खताचा गुण. आता पानांवर निळे ठिपके पडलेत. कसला रोग आहे, रोपवाल्यालासुद्धा कळेना."

"वाईट झालं," मी म्हणालो, आणि माझं लक्ष छताकडे होतं. मी गळती विभागात सतरा वर्षं आहे, हे इथं पुन्हा सांगायची माझी इच्छा नाही.

कानसेन स्टुलावर चढले. दांडी छताला लावली, खाली कान. "बुडबुड येतेय," ते म्हणाले. साडेबारा. पावणेएक. काका आणि मी एकमेकांकडे बघत बसलो. एकला पाच मिनिटं कमी असताना कानसेननी हात वर केला.

"पावलं. सपाता. पलंगाकडे... नाही, भिंतीकडे गेल्या." मग ते एकदम ताठ झाले. "बुडबुड थांबली."

खोलीत अशी शांतता पसरली की तिघांनाही तो आवाज दांडीशिवाय ऐकू आला. खिडकीतून. टप्. थोड्या वेळानं पुन्हा, टप्.

काकांच्या कुंडीतल्या रुंद पानावर वरून एक निळा थेंब पडला. मग दुसरा. तिघांनी एकाच वेळी खिडकीतून डोकी बाहेर काढून वर पाहिलं. नळीला मी दिलेल्या जोडातून आता पाण्याची बारीक धार लागली होती.

कानसेननी स्टुलावर बसून सगळं उलगडून सांगितलं. पंप चालू असला की नळीतून हवा आत जाते. पंप बंद झाला की टाकीतलंच पाणी नळीत चढतं आणि पंप खाली टांगलेला असल्यामुळे उताराला लागून बाहेर येतं. टाकी गळतच नव्हती. पहिल्या दुरुस्तीनंतर एक क्षणही गळली नव्हती. तिसऱ्यांदा भरलेला तो सगळा चिकटा, तो सिरक्याचा वास, खरवडून सोललेली माझी नखं... जाऊ दे.

वर गेलो. आत्या भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. पंपाची पिन बाहेर काढून नीट उशाशी ठेवलेली. माझ्या पावलांनी ती उठली आणि आधी पिनेवर हात ठेवला.

"आत्या! तू म्हणालीस बोट लावत नाही!"

"टाकीला. पिन भिंतीत असते," आत्या म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "अरे, दोन तासच काढते मी. बुडबुडीनं डोळा लागत नाही. तू म्हणालास चोवीस तास हवा हवी, म्हणून तू यायच्या आत परत लावायची. तुझा जीव त्या टाकीत एवढा अडकलेला, सांगायला जीभ रेटेना."

माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. सतरा वर्षांची नोकरी, तीन वेळचा चिकटा, कार्यालयातला तो अर्ज. पण ती ज्या तऱ्हेनं ती इवलीशी पिन मुठीत धरून बसली होती, ते बघून मी एवढंच म्हणालो, "मला सांगायचंस गं."

"दोन तास हवा नसली तर माशांना काही होत नाही, आत्याबाई," कानसेन म्हणाले. "पंप तेवढा पाण्याच्या वर टांगा, म्हणजे झालं." त्यांनी तो स्वतः खिडकीच्या वरच्या गजाला बांधला आणि टेबलाशी बसून दाखला लिहिला: 'टाकी तपासली. गळत नाही. पाणी घरातील व्यक्तीच्या विश्रांतीमुळे जात होते.' साहेबांनी दुसरं वाक्य खोडायला लावलं. विश्रांतीला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

शाईचं पाणी उपसलं, टाकी धुतली, आणि पुन्हा आठ दिवस थांबायला नको म्हणून हौदातलंच पाणी आणून भरलं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मासे कार्यालयाच्या गाडीतून दोन पिंपांत बसून आले. बरोबर प्रयोगशाळेच्या बाई. कामाशी काम, बोलणं मोजकं. त्यांनी आल्या आल्या पाण्यात तापमापक बुडवला, बोट बुडवून जिभेला लावलं, काठावरून हात फिरवला. मला वाटलं आता काहीतरी काढणार. त्या म्हणाल्या, "सोडा."

आम्ही जाळीनं एकेक सोडला. हौदात असताना मला ते सगळे सारखेच वाटायचे, काळपट, लांबट, चपळ. शेवटचा मासा सोडून मी हात पुसत मागे वळलो, तर बाई काचेसमोर अंग चोरून बसल्या होत्या. जमिनीवर, पदर सावरायचंही भान नव्हतं. खिडकीतून ऊन टाकीत उतरलं होतं.

"काही चुकलं का?" मी घाबरून विचारलं.

त्यांनी मान हलवली. काचेपलीकडे मासे रांगेनं फिरत होते आणि प्रत्येकाच्या कुशीला, पंखापासून शेपटीपर्यंत, शेंदरी रंगाची एक रुंद पट्टी होती. उन्हात आली की ती पेटल्यासारखी दिसायची. अकराही जणांना. मी ती कधी पाहिली नव्हती.

"नऊ वर्षं," बाई हळूच म्हणाल्या. "रोज सकाळी यांना बघत आले. हौद वरून उघडा असतो हो. मला यांच्या नुसत्या पाठी माहीत होत्या."

आत्या पलंगावरून उतरली, बाईंच्या शेजारी सतरंजी टाकून तीही बसली. बायको स्वयंपाकघरातून कपाटाला वळसा घालून आली आणि दारातच थांबली. तो सगळ्यात मोठा मासा काचेजवळ आला, बाईंच्या चेहऱ्यासमोर थांबला, आणि त्यांना चांगलं बघता यावं म्हणून की काय, सावकाश आडवा वळला.